अन् पाऊस नाही आला तं?

पत्राचा सारांश: काटोल तालुक्यातल्या एका तिशीतल्या शेतकऱ्याचं पत्र आहे. घरी सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. सातबारा वडिलांच्या नावावर, त्यावर अडीच लाखांचं पीककर्ज. बारावीनंतर शिक्षण सोडून यांनी वावर धरलं. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा, कृषी पदविका झालेला. मामा नागपूरजवळच्या एका गोल्फ मैदानावर माळी आहेत. त्यांच्या ओळखीनं तो पंधराव्या वर्षापासून सुट्ट्यांत तिथं कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलायला जायचा, आता तेच त्याचं काम. सोमवारी मैदान बंद असतं, त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. क्लबच्या एका सदस्यानं दिलेल्या काठ्यांच्या जुन्या सेटवर तो अठरा होल पंचाहत्तर फटक्यांच्या आसपास संपवतो. साहेब लोक म्हणतात, तू प्रो हो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू. त्यासाठी दोन एकर विकावी असं त्याचं म्हणणं. दलाल अठरा लाख सांगतो. वडील म्हणतात, मोठा मुलगा 'हो' म्हणाला तर मी सही करतो. पत्र लिहिणारे म्हणतात: "बाबांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'अन् पाऊस नाही आला तं?' त्यांना काय समजावू? हो म्हटलं तर जमीन जाते. नाही म्हटलं तर गाव म्हणेल, मोठ्यानं धाकट्याचं नशीब दाबलं. गोल्फ हा आपल्यासारख्यांचा खेळ तरी आहे का?"

भाऊ,

आधी बाबांचं बघू. तुम्ही त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेलात. मला तुमच्या चार पानी पत्रातला तोच एक प्रश्न कामाचा वाटला.

मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी पीककर्जाच्या टेबलावर. गोल्फची काठी जन्मात हातात धरलेली नाही. पण व्यावसायिक गोल्फरची कमाई कशी चालते हे नीट समजून घेतलं, तेव्हा वाटलं की हे तर दर मे महिन्यात कर्जाचं नवं-जुनं करायला माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाचंच खातं आहे. बियाणं आधी, खत आधी, मजुरी आधी. पीक मागाहून, आलं तर.

क्रिकेटपटूला संघ निवडतो आणि मग त्याचं मानधन ठरतं. गोल्फरला कोणी पगार देत नाही. भारतात पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धा प्रामुख्यानं पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) ही संस्था भरवते, २००६ पासून. (कपिल देव २०२४ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. बाबांना हे सांगा, कदाचित काठीबद्दल जरा आदर वाढेल.) तिथं खेळायचं तर आधी क्यू स्कूल म्हणतात ती पात्रता स्पर्धा पार करावी लागते, आणि शेकडोंतून मोजक्यांना हंगामाचं कार्ड मिळतं. कार्ड मिळालं म्हणजे नोकरी लागली, असं तुमच्या घरी कोणी धरून चालत असेल तर तिथंच गफलत आहे. कार्ड म्हणजे फक्त पेरायला परवानगी.

पुढचं सगळं खेळाडूच्या खिशातून. प्रवेश फी, रेल्वे, लॉज, जेवण, बॅग उचलणाऱ्या कॅडीची मजुरी. होय, तुमच्या भावालाही कॅडी लागेल आणि पैसे त्यालाच मोजावे लागतील. स्पर्धा बहुधा चार दिवसांची, रोज अठरा होल. दोन दिवस झाले की 'कट' पडतो. साधारण वरचे पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे पुढं खेळतात, बाकीचे परतीची गाडी पकडतात. त्यांच्या हाती एक रुपया पडत नाही, लॉजचं बिल मात्र पूर्ण पडतं. एक कोटीच्या स्पर्धेत पहिल्याला पंधराएक लाख मिळतात, तिथून खाली रक्कम झपाट्यानं उतरते. कट गाठून तळाला राहिलेल्याचा त्या आठवड्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

आता तुमचा हिशोब. काटकसरीनं राहिला, थर्ड एसीऐवजी स्लीपरनं गेला, दोघांत एक खोली घेतली, तरी एका स्पर्धेचे पस्तीस-चाळीस हजार धरा. वीस स्पर्धा म्हणजे आठ लाख. त्यात सराव, चेंडू, हातमोजे, कधीतरी बदलाव्या लागणाऱ्या काठ्या मिळवा, दहा लाखांवर जातं. तुमचे अठरा लाख खरे तर अठरा नाहीतच. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवल्याशिवाय खरेदीखत होणार नाही, ते अडीच गेले, दलालाचे वेगळे. उरले पंधरा, म्हणजे दीड हंगाम. कपाशीला दीड हंगाम मिळून कोणी कर्जातून बाहेर आल्याचं मी तरी टेबलावर पाहिलं नाही.

बाबांनी याच्यातलं काही ऐकलेलं नाही. तरी त्यांनी नेमकं तेच विचारलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हा आपल्यासारख्यांचा खेळ आहे का. मला वाटतं तुम्हाला याचं उत्तर 'नाही' असं हवं आहे, म्हणजे सही न करणं सोपं होईल. तसं उत्तर देता येणार नाही. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. १९९१ मध्ये त्यानं इंडियन ओपन ही देशातली मोठी स्पर्धा जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा. बंगळूरचा सी. मुनियप्पा, तोही कॅडी, २००९ चा विजेता. कोलकात्याच्या एसएसपी चौरसियाचे वडील मैदानाची हिरवळ राखायचे, तिथंच पोरगा खेळ शिकला. त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेतली आणि रिओ ऑलिंपिकलाही गेला. तेव्हा गरीब घरचा म्हणून धाकट्याला अडवू नका. त्यानं तुम्हाला ही नावं सांगितली असतीलच.

पण त्याला एक विचारा. तुझ्या मैदानावर गेल्या वीस वर्षांत असे किती होते, ज्यांना साहेब लोक 'तू प्रो हो' म्हणाले? त्यातले आज कुठं कुठं आहेत? जे जिंकले त्यांची नावं मी घरबसल्या लिहू शकते. बाकीच्यांची कॅडींच्या शेडमध्येच कोणाला तरी माहीत असतील. ती बातमी मामा काढून देतील, माळ्याला सगळं ठाऊक असतं.

एक प्रसंग सांगते. बँकेच्या एका कार्यक्रमाला आम्हाला नागपूरच्या गोल्फ मैदानावर नेलं होतं. जेवणाला वेळ होता म्हणून मी एका हिरवळीच्या कडेला उभी राहिले. विशीतला एक कॅडी, पाठीवर नंबर, खांद्यावर ओला नॅपकिन. साहेबांचा चेंडू त्यानं पुसून जागेवर ठेवला, उकिडवा बसून जमिनीचा उतार पाहिला आणि हळूच म्हणाला, "सर, दो उंगली लेफ्ट." साहेबांनी सरळ मारला. होल जेमतेम १०८ मिलिमीटरचा असतो, चहाच्या बशीपेक्षा लहान. चेंडू उजव्या काठाला लागून पुढं गेला. पोरानं काही न बोलता साहेबांची काठी हातात घेतली आणि झेंडा परत रोवला. मला तेव्हा वाटलं होतं की या पोरालाच खेळू द्यायला हवं होतं.

आता तुमच्या पत्राच्या निमित्तानं तोच प्रसंग वेगळा दिसतो. त्या पोराला रेषा बरोबर दिसली होती, यात शंका नाही. पण चुकला असता तर त्याचं काही जात नव्हतं. तोच फटका त्याला स्पर्धेच्या दुसऱ्या संध्याकाळी, कटच्या एका फटक्याअलीकडं, विकलेल्या दोन एकरांचं ओझं घेऊन मारायचा असता, तर दोन बोटं तितकीच दोन बोटं राहिली असती का? हात थरथरणं हे गोल्फमध्ये मोठं दुखणं मानतात, आणि कर्जानं हात थरथरतात हे मला टेबलावरून माहीत आहे.

म्हणून त्याच्या 'पंचाहत्तर'कडं जरा बारकाईनं बघा. अठरा होलचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके, बहुतेक ठिकाणी ७२ असतो, आणि जितके कमी फटके तितकं चांगलं. ७५ म्हणजे रोज तीन जास्त, चार दिवसांत बारा. व्यावसायिक स्पर्धेत कट बहुधा पारच्या आसपास पडतो. त्यामुळं आज जसा आहे तसा तो गेला, तर बऱ्याच आठवड्यांत परतीच्या गाडीत असेल. त्यातही हे पंचाहत्तर सोमवारचे, ओळखीच्या मैदानावरचे, जिथला प्रत्येक खळगा त्याला पंधराव्या वर्षापासून पाठ आहे. तुम्हालाही तुमच्या वावरात कुठं पाणी साचतं ते डोळे मिटून सांगता येईल, शेजारच्या गावात येईल का?

त्यानं पुढचे अठरा-अठरा होलचे वीस राउंड लिहून ठेवावेत. सगळ्यांत मागच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा), एकही फटका 'जाऊ दे' न म्हणता, दुसऱ्या कोणीतरी मोजलेले आणि सही केलेले. त्यातले निदान सहा परक्या मैदानांवरचे हवेत. वाईट दिवस कार्डातून गाळायचे नाहीत. चांगला दिवस सगळ्यांनाच येतो, प्रो कोण होणार हे त्याच्या वाईट दिवसाचा आकडा सांगतो. परक्या मैदानावर सरासरी ७२ च्या जवळ आली तर मी स्वतः म्हणेन, क्यू स्कूलला जाऊ दे. नाही आली तर कोणालाच नाही म्हणावं लागणार नाही. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या अटीही वाचून घ्याव्यात. एकदा व्यावसायिक म्हणून नाव लावलं की हौशी खेळाडूंच्या स्पर्धा बंद होतात. हौशी दर्जा परत मागता येतो, पण अर्ज करून थांबावं लागतं.

"आत्ता नाही तर कधीच नाही" असं तो म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. कबड्डीत हे खरं असतं, गोल्फमध्ये नाही. चौरसिया १९९७ मध्ये व्यावसायिक झाला आणि युरोपियन टूरवरचं पहिलं विजेतेपद त्याला २००८ मध्ये मिळालं, तिशीला टेकताना. मधली अकरा वर्षं तो खेळतच होता. अमेरिकेच्या फिल मिकेल्सननं २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नासाव्या वर्षी जिंकली. बावीस वर्षांच्या पोराला दोन वर्षं थांबणं परवडतं. घाई खेळाची नाही, दलालाची आहे. दलाल नेहमी याच आठवड्याचा भाव सांगतो.

मग पैसा कुठून? जमिनीतून नाही, एवढं मी स्पष्ट सांगते. जमीन पवित्र असते वगैरे मला म्हणायचं नाही, बँकेत बसून ती भावना कधीच गेली. साधी गोष्ट आहे: त्याचं गणित फसलं तर परत यायला त्याच्याकडं तीच आहे, आणि तुमच्याकडंही. पाच एकर कोरडवाहूवर दोन संसार चालत नाहीत.

जे साहेब 'तू प्रो हो' म्हणतात ना, त्यांना विचारायचं. हे ऐकायला उद्धट वाटेल, पण तसं नाही. अनेक खेळाडूंच्या पाठीशी सुरुवातीला असेच चार-दोन सदस्य उभे असतात. धाकट्यानं वीस राउंडचा कागद आणि एका हंगामाचा खर्च लिहून त्यांच्यापुढं ठेवावा. किती रक्कम, किती काळासाठी, बक्षीस आलं तर त्यांचा वाटा किती, नाही आलं तर परतफेड नाही, हे सगळं एका कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. ज्याला खरंच विश्वास आहे तो दहा-वीस हजारांनी तरी हात पुढं करेल. नाही केला तर त्या 'तू प्रो हो'चं वजन तुम्हाला कळलं, आणि तेही फुकटात. एक मात्र जपा, व्याजाचा पैसा नको. सावकाराचा नको आणि मोबाइलवर पाच मिनिटांत मिळतो तोही नको. तुमच्या घरातून द्यायचंच असेल तर तुरीच्या पैशातून एका क्यू स्कूलचा खर्च द्या. रक्कम आधी ठरवा, ती बुडाली असं समजूनच द्या, आणि दिल्यावर जेवताना त्याचा विषय काढू नका.

अजून एक. धाकटा 'प्रो' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचा माणूस असतो, आणि तुमच्याही. पण गोल्फवर पोट भरणारे बहुसंख्य लोक टीव्हीवर दिसत नाहीत. जगभरातले बरेच प्रो क्लबात शिकवून जगतात. आपल्याकडं नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते. टूरवरच्या खेळाडूचा कॅडी होणं हाही धंदा आहे. आठवड्याची मजुरी ठरते आणि बक्षिसात वाटा, खेळाडू जिंकला तर तो बहुधा दहा टक्के. दुसऱ्याच्या खर्चानं देशभरची मैदानं पायाखालून जातात आणि कट जवळ आल्यावर माणसाचं काय होतं ते हातभरावरून दिसतं. बावीस वर्षांच्या मुलासाठी याहून स्वस्त शिक्षण मला सुचत नाही.

आणि त्याची कृषी पदविका तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत. अहो, अठरा होलचं मैदान शंभर-सव्वाशे एकरांचं असतं, कधी जास्तही. त्यात गवताशिवाय दुसरं पीकच नाही. होलभोवतीच्या ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर राखावं लागतं, एक दिवस खंड पडला तरी खेळणाऱ्याला कळतं. पाणी किती द्यायचं, बुरशी कधी येते, निचरा कुठं तुंबतो, माती कधी दबते, हे कळणारा माणूस प्रत्येक मैदानाला लागतो. बर्म्युडा म्हणून जे गवत तिथं कौतुकानं लावतात, ते आपल्या हरळीच्याच कुळातलं. तुम्ही डवरून डवरून जिला वैतागता, तिच्यावर तिथं माणसं पगार घेतात! पदविका आणि सात वर्षांची मैदानाची ओळख दोन्ही असलेली मुलं किती असतील? मामांच्या वरचे जे कोणी मैदान सांभाळतात, त्यांच्याशी धाकट्यानं एकदा बोलावं. खेळ सोडायला मी सांगत नाहीये. सोमवार तसाही त्याचाच राहणार आहे.

राहिलं गाव. भाऊ, गाव दोन्हीकडून बोलेल. विकली तर 'काठीपायी वावर घालवलं', नाही विकली तर तुम्ही लिहिलंत ते. मला त्यापेक्षा तुमच्या पत्रातली दुसरी एक ओळ टोचली. 'मी शिकलो असतो तर मीही काही झालो असतो', असं तुम्ही मध्येच लिहून पुढं निघून गेलात. त्यावर तुम्ही सल्ला मागितला नाही, म्हणून मीही फार बोलत नाही. फक्त हो किंवा नाही म्हणताना ती ओळ हिशोबात धरून म्हणताय का, हे स्वतःला एकदा विचारा. 'मला नाही मिळालं म्हणून त्याला नको' आणि 'मला नाही मिळालं म्हणून त्याला काहीही झालं तरी मिळू दे', ही दोन्ही उत्तरं धाकट्याच्या खेळाकडं न बघताच दिलेली असतात.

आणि खेळ तुम्ही पाहिलेलाच नाही! सात वर्षांत एकदाही नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पोळ्याआधी, डवरणी आटोपली की एक सोमवार काढा. घरच्यांना आत येऊ देतात का ते त्याला मैदानावर आधीच विचारून ठेवायला सांगा. बॅग तुम्ही उचला, पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत, आणि फटके स्वतः मोजा. बाबांनाही न्या. चालणं आठ-नऊ किलोमीटरचं होतं, त्यांना चप्पल नको, बूट घालायला लावा. हिरवळीवर हात फिरवून ते पहिल्यांदा काय विचारतात, ते मला कळवा.